चोरओटी

ज्याच्या दुधाला रोज तेच फॅट लागतं, त्याच्यावर ऋतुजा मगदूम सगळ्यात आधी संशय घ्यायची. म्हैस म्हणजे काही यंत्र नव्हे. एक दिवस तिला ओला चारा मिळतो, एक दिवस वाळली वैरण. एखाद्या दिवशी रेडकू आजारी म्हणून ती पान्हाच चोरते. दूध थोडं वरखाली व्हायलाच हवं. जे होत नाही, त्यात कुणीतरी हात घातलेला असतो. दूध संघाच्या प्रयोगशाळेत दहा-बारा वर्षं नमुने तपासून ती एवढं तरी शिकली होती.

आणि आता तिच्या स्वतःच्या पोटावर बांधलेला पट्टा महिनोन्‌महिने रोज हिरवंच दाखवत होता.

पट्टा दिसायला साधा, मऊ कापडाचा, चार बोटं रुंद. सकाळी तो बांधला की फोनवर एक हिरवं पान उमलायचं आणि खाली वाक्य यायचं : आई आणि बाळ दोघंही निवांत आहेत. ऋतुजा ज्या दिवशी संघात एका संकलन केंद्राच्या चेअरमनशी कडाकडा भांडून आली, त्या दिवशीही ती निवांत होती. तिची मुलगी अन्वी तापानं फणफणली होती, रात्रभर मीठपाण्याच्या पट्ट्या चालू होत्या, तेव्हाही निवांत.

"चांगलंच आहे की," सन्मती म्हणाला. सन्मती तिचा नवरा. उसाच्या फडांवर ड्रोननं फवारणी करून देण्याचा त्याचा धंदा. "हिरवं आलं तरी तुला त्रास, लाल आलं तरी त्रास. तुला हवंय तरी काय?"

"एकदा तरी हलू दे," ती म्हणाली. "खरी गोष्ट हलते."

तिच्या संशयाला कारण होतं, आणि ते कारण जाड भिंगांचा चष्मा लावून अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होतं. अन्वी सातवा लागता लागताच जन्मली होती. तळहातावर मावेल एवढी. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. जन्मली तेव्हा रडली नाही. पुढचे दोन-अडीच महिने ऋतुजा एका काचेच्या पेटीसमोर बसून होती. पेटीला जोडलेलं यंत्र मध्येच टींटीं करायचं, नर्स धावत यायची, पोरीच्या तळपायाला टिचकी मारायची, आणि पोर श्वास घ्यायला विसरली होती ती पुन्हा घ्यायला लागायची. आजही कुठल्या दुकानात तसला आवाज आला की ऋतुजाच्या हातातली पिशवी खाली पडायची.

असं का झालं, हे कुणीच सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं. घरात मात्र प्रत्येकानं आपापला गुन्हेगार शोधून ठेवला होता. ऋतुजाच्या मते दोष तिचा. त्या दिवशी सकाळपासून कंबर भरून आली होती आणि नमुन्यांचे क्रेट उचलल्यानं झालं असेल म्हणून ती गप्प बसली. सन्मतीच्या मते दोष त्याचा; तो फवारणीला तीन गावं पलीकडे होता. आणि आक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, त्यांच्या मते दोष कुणाचा, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आश्चर्यच म्हणायचं, कारण आक्का बाकी सगळं बोलून दाखवत.

आक्कांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कुणाच्या सुनेचं माहेरी जाणं, कुणाचं सोनं, कुणाच्या पोराचे मार्क, आक्कांच्या कानावर पडलं की संध्याकाळच्या आत बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायऱ्यांवर पोहोचलंच. अन्वीच्या वेळी त्यांनी चोरओटी भरली होती. तिसऱ्या महिन्यात, बाहेर कुणाला कळायच्या आत, सुनेची गुपचूप ओटी भरायची असते. चोरून भरायची म्हणून चोरओटी. आक्कांची चोरओटी इतकी चोरून झाली की दुसऱ्या दिवशी भाजीवाली ऋतुजाला म्हणाली, "पोटुशी हाईस न्हवं, घे ही कोथिंबीर, पैसे नगं."

पाच वर्षं ऋतुजा दुसऱ्या बाळाचं नाव काढू देत नव्हती. मग हे पट्टे आले.

त्यामागचं शास्त्र तिला पटलं होतं, कारण ते तपासण्यासारखं होतं. गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. एरवी या पिशवीतली प्रत्येक पेशी आपल्यापुरती कुरबुरत असते, शेजारणीला तिचं काही ऐकू जात नाही. बाळंतपण जवळ आलं की पेशीपेशींमधल्या भिंतींना बारीक दारं पडतात. विजेचे इशारे एकीकडून दुसरीकडे जाऊ लागतात, आणि सुट्या कुरबुरीचा एकच गलका होतो. त्यालाच आपण कळा म्हणतो. आजवर डॉक्टरांना गलका ऐकू यायचा. तेव्हा उशीर झालेला असायचा. पट्ट्याला दारं उघडतानाच ऐकू यायचं, कळांच्या कित्येक दिवस आधी. तेवढ्यात बाळाची फुप्फुसं तयार करणारं औषध देता येतं, विश्रांती देता येते, निदान योग्य हॉस्पिटलात तरी पोहोचता येतं.

म्हणून ती तयार झाली. आणि तिसऱ्या महिन्यात आक्कांनी पुन्हा चोरओटी भरली. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, खिडकीला टॉवेल अडकवला, अन्वीला शेजारी खेळायला पाठवलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आक्का तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"दोन दिवस," ऋतुजा नंतर सन्मतीला म्हणाली. "दोन दिवसांत भाजीवालीला कळतंय बघ."

दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले. भाजीवालीनं कोथिंबिरीचे पैसे रोकडे मोजून घेतले. ऋतुजाला तेव्हाच थोडं नवल वाटलं होतं, पण नवलाचा संशय व्हायला अजून अवकाश होता.

सातव्या महिन्याच्या तपासणीला नर्सनं तिला कुशीवर वळवलं. "ताकदीचं इंजेक्शन आहे. उद्या याच वेळेला आणखी एक घ्यायचं."

सुई गेली आणि ऋतुजाच्या कमरेखाली एक जळजळ पसरली. तिनं श्वास रोखून धरला. ही जळजळ तिच्या ओळखीची होती. अन्वीच्या वेळी स्ट्रेचरवर घाईघाईनं हेच दिलं होतं, बाळाच्या फुप्फुसांसाठी. एक दिवसानं दुसरं द्यायचं होतं, ते द्यायला वेळच मिळाला नाही.

"कशाचं म्हणालात?"

"ताकदीचं हो." नर्स कापूस टाकायला वळली होती, तिचा चेहरा दिसला नाही.

परतीच्या वाटेवर ऋतुजानं फोन उघडला. हिरवं पान. दोघंही निवांत.

त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली ती थांबेचना. घरातलं एकेक माणूस ती नमुन्यासारखं उजेडात धरून बघू लागली. सन्मती फोन आला की उठून अंगणात जायचा आणि हळू आवाजात बोलायचा. तिच्या स्कूटरची किल्ली खुंटीवरून नाहीशी झाली. "सर्व्हिसिंगला टाकायची आहे, राहू दे," असं आक्काच परस्पर म्हणाल्या. माडीवरची गादी खालच्या खोलीत आली, का तर वर डास फार. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे डोहाळजेवणाचा विषय निघाला तेव्हा आक्का, ज्यांना चार बायका जमवायला निमित्त लागत नाही त्या आक्का, म्हणाल्या, "ह्या खेपेला नगंच ते."

"का?"

"दाढ दुखालीय माझी. कोण करणार एवढा स्वयंपाक?"

दाढ बरेच दिवस दुखत होती. आक्का दिवसभर गालात लवंग धरून असत. बोलण्याआधी ती जिभेनं एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत, आणि तेवढ्यात बोलायचं राहूनच जाई. दंतवैद्याकडे जायचं नाव काढलं की म्हणत, "बघू की."

"आजी गोष्टच सांगत नाही आता," अन्वीनं तक्रार केली. "नुसती लवंग खाते."

ऋतुजानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिचं लक्ष सन्मतीच्या कुजबुजीकडे होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि पाणी कुठे मुरतंय हे शोधण्याचाच तिला पगार मिळत होता.

शंका आली की काय करायचं, हे तिला माहीत होतं. यंत्रावर शंका असेल तर यंत्राला अशी गोष्ट द्यायची की जिचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. तिनं पट्टा आधी उशीला बांधला. 'पट्टा नीट बांधा,' असा निरोप आला. म्हणजे यंत्र अगदीच आंधळं नव्हतं. पोट आणि उशी त्याला कळत होती. आता हवं होतं ते खात्रीनं बिघडलेलं, म्हणजे कळा सुरू झालेलं पोट.

ते तिला प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच मिळालं. तस्लीम मुजावरला नववा सरत आला होता, तरी ती "उद्यापासून रजा" म्हणत रोज कामावर येत होती. एका दुपारी टँकरचे नमुने तपासता तपासता तिनं बरणी खाली ठेवली आणि टेबलाची कड धरली. नवऱ्याला फोन गेला; तो गाडी घेऊन निघाला. तोवर ऋतुजा तिला बायकांच्या खोलीत घेऊन गेली.

"तस्लीम, रागावू नको. दोन मिनिटं माझा पट्टा तुला बांधते."

"आत्ता? ऋतुजा, मला इथं जीव नकोसा झालाय आणि तू..."

"तुला माझ्या अन्वीची शप्पथ."

तस्लीमनं हात वर केले. पट्टा बसला. पुढची कळ आली तेव्हा तस्लीम वॉशबेसिनला धरून अशी ओरडली की बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. ऋतुजानं फोन बघितला. हिरवं पान हळूच उमललं होतं. आई आणि बाळ दोघंही निवांत आहेत.

तस्लीमला संध्याकाळी मुलगा झाला. ऋतुजा तेव्हा आपल्या अंगणात सन्मतीच्या गाडीची वाट बघत उभी होती. पट्टा तिनं काढून खिशात कोंबला होता.

"कुणाशी बोलतोस रोज लपून?" तो गाडीतून उतरायच्या आत तिनं विचारलं.

सन्मतीचा चेहरा पडला. त्याचा चेहरा असा की आत काय चाललंय ते रस्त्यावरच्या माणसालाही वाचता यावं. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे आहे काहीतरी."

"अगं, झोपाळा," तो म्हणाला. "फुलांचा. अन्वीच्या वेळी डोहाळजेवण राहूनच गेलं ना तुझं. आक्का नको म्हणते, म्हणून डेकोरेशनवाल्याशी मीच परस्पर... दुसरं काय असणार?"

तिनं त्याला तस्लीमचं सांगितलं, इंजेक्शनचं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला, मग पायरीवर बसला. त्यानं आपला फोन उघडून दाखवला. तिथेही तेच पान होतं, तेच वाक्य. "मला पण हेच येतं. अन्वीची शप्पथ."

तो खोटं बोलत नव्हता. बोलताच आलं नसतं त्याला.

तिनं तिथूनच आपल्या डॉक्टर कित्तूरकरांना फोन लावला. बाई वयानं मोठ्या, बोलायला शांत. ऋतुजानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पट्टा बिघडला असेल वगैरे काही म्हटलं नाही.

"पट्टे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा आकडा आईला दिसायचा," त्या म्हणाल्या. "पिवळा दिवा लागला की बायका झोपेनाशा व्हायच्या, सारखा फोन बघायच्या. आणि आमच्या असं लक्षात आलं की सारखाच धोका असलेल्या बायकांमध्ये, ज्यांना तो दिवा दिसला त्या आधी बाळंत व्हायच्या. भीतीनं शरीरात जी रसायनं उसळतात, तीच बाळाला पोसणाऱ्या वारेतल्या घड्याळाला किल्ली देतात. पट्टा भाकीत करायचा आणि भाकीत ऐकून ते खरं व्हायचं. म्हणून आता ज्यांची तशी इच्छा असते, त्यांना फक्त पान दिसतं. खरा आकडा तासभराच्या नोंदीवरून निघतो; तो मला येतो आणि घरातल्या एका माणसाला."

"माझी इच्छा? माझी कधी होती?"

"पहिल्या भेटीला, ऋतुजा. मी विचारलं होतं, आकडे हवेत की नकोत. तुम्ही टेबलावर पडून रडत होता. म्हणालात, मला काही सांगू नका, फक्त बाळ वाचवा. मी पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच म्हणालात."

ऋतुजाला आठवलं. छतावरचा पंखा आठवला, टेबलावरच्या कागदाचा चुरचुर आवाज आठवला. ती म्हणाली होती. पण माणूस रडताना काय काय म्हणतो, ते कुणी असं जपून ठेवतं का, याचा तिला विलक्षण राग आला. स्वतःचा तर आलाच.

"घरातलं माणूस कोण?" तिनं विचारलं.

"ते मला नाही दिसत, घरचा म्हणून दिलेला नंबर असतो. मिस्टरांनीच दिला असेल ना?"

सन्मतीनं डोकं धरलं. त्याचे फोन दर सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या उसात पडायचे, नंबर बदलायचे. म्हणून गॅसचं बुकिंग असो, रेशन असो, शाळेचे निरोप असोत, घरचा नंबर म्हणून तो डोळे झाकून एकच नंबर सांगायचा. तो घराइतकाच पक्का होता. कधी हरवायचा नाही, कधी बंद असायचा नाही.

"आक्काचा," तो म्हणाला.

गावात एवढी माणसं, आणि बातमी जाऊन पडली होती ती आक्कांच्या फोनवर.

"शक्य नाही," ऋतुजा म्हणाली. "आक्कांना कळलं असतं तर आतापर्यंत बसस्टँडवर लागलं असतं."

आणि मग तिला लवंग आठवली.

सूर्य मावळायला आला होता. आक्कांची जेवणं त्याच्या आत उरकायची असत. त्या स्वयंपाकघरात ताट पुसत होत्या. ऋतुजा एकटीच आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. चोरओटीच्या दिवशी लोटलं होतं तसंच.

"आक्का, तोंड उघडा बघू. दाढ बघते तुमची."

"कशाला गं? बरी हाय आता."

"कुठली दाढ?"

आक्कांनी डावा गाल दाखवला. लवंग उजव्या गालात होती.

ऋतुजा नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. संघात पाणी घालणारी माणसं तिनं खूप पाहिली होती. त्यातली बरीच शांतपणे डोळ्याला डोळा देत. आक्कांना ते जमेना. त्यांनी ताट ठेवलं, परत उचललं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"असं का बघालीस?"

"तुम्हाला फोन येतात ना? माझ्या पट्ट्याचे?"

आक्का मटकन पाटावर बसल्या. लवंग त्यांनी तळहातावर काढली, आणि बांध फुटावा तशा बोलू लागल्या.

"एक बाई बोलत्या. गोड बोलत्या मेली. म्हणत्या, आज पिवळं हाय, घाबरू नका, आईला सांगू नका. मला पयल्यांदा वाटलं कर्जाबिर्जाचा फोन. मग तुजं नाव घेतलं तिनं. तवापासनं हेच. दोनदा लाल झालं गं. एकदा त्या इंजेक्शनाच्या आधी, एकदा परवा. परवा तर मी ह्या पाटावर बसून हुते रातभर, तू आत झोपली हुतीस. मग उतरलं. पिवळंच हाय आता."

"सन्मतीला तरी सांगायचं."

"त्याला? त्याचं तोंड बघून तूच वळखलं असतंस की. कुणाला सांगू? माझ्या बहिणीला न्हाई सांगितलं. देवापुढं उभी राहिले तर तिथंबी भ्या वाटायचं, तोंडातनं निसटंल म्हणून. मग ही लवंग धरायला लागले. जीभ गुतून ऱ्हाती."

"पण का, आक्का?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. "अन्वीच्या येळंला मीच बोंबलत गेले न्हवं गल्लीभर? चोरओटी ती, आणि मी भाजीवालीपतोर पोचवली. कुणाची तरी दृष्ट लागली पोरीला. माझ्या जिभेनं लागली. त्या काचंच्या पेटीतल्या पोरीकडं बघवायचं न्हाई मला. ह्या खेपेला ओटी भरताना देवापुढं बोलले, एक अक्षर बाहेर पडू देणार न्हाई. तवा मला काय म्हाईत, तुझ्यापासनंबी लपवायला लागंल म्हणून."

ऋतुजा खाली बसली. सातव्या महिन्यात बसता येतं तशी, भिंतीला धरून. दृष्टबिष्ट काही नसतं, हे तिला सांगायचं होतं. पण क्रेट उचलल्यानं झालं असं ती स्वतः पाच वर्षं मानत आली होती, आणि त्यालाही डॉक्टरांनी कधी दुजोरा दिला नव्हता. तिनं आक्कांचा हात धरला. हाताला लवंगेचा वास येत होता.

आत बाळानं पाय मारला. पिवळं. दोनदा लाल. आकडा कळला की आपण कोसळणार, अशी तिची खात्री होती. पण उलट तिला थोडं हलकंच वाटलं. संशय घेऊन जगताना तिनं मनात याहून कितीतरी वाईट आकडे मांडून ठेवले होते.

"किल्ली तुम्हीच लपवली?"

"तांदळाच्या डब्यात हाय. त्याच्या मागं तुजी हॉस्पिटलाची पिशवी. रुग्णवाहिकेच्या पोराला सांगून ठेवलंय, हाक मारली की यायचं. कशाला ते न्हाई सांगितलं."

ऋतुजाला हसू आलं, आणि त्याबरोबर रडूही.

डॉक्टर फोनवर म्हणाल्याच होत्या : आता कळलंच आहे, तर आकडे तुमच्या फोनवर सुरू करू का, विचार करून सांगा. तिनं विचार केला. आकडा हातात आला तर ती तो दर घटकेला बघणार, हे तिला ठाऊक होतं. नमुना पुन्हा पुन्हा हलवून बघायची तिची सवयच होती. आणि ते हिरवं पान तर आता तिला नजरेसमोरही नको होतं.

"तुमच्याकडंच राहू दे, आक्का," ती म्हणाली. "मला रोजचं सांगू नका. पण खोटंही सांगू नका. निघायची वेळ आली की 'चल' म्हणा, मी काही न विचारता उठेन. आणि बाळ जन्मलं की जे असेल ते सगळ्यात आधी मला. गोड बोलायचं नाही."

"आणि तू घाबरलीस तर?"

"घाबरलेलीच आहे की मी. पाच वर्षं. आता निदान दोघी आहोत."

दार ढकलून सन्मती आत आला. इतका वेळ तो बाहेरच उभा होता. "आक्का, काय आहे आकडा? सांग मला. लाल आहे का?"

आक्कांनी सुनेकडे बघितलं. सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस आत्ताच पांढराफटक पडला होता. याला खरं सांगितलं तर रात्री घरात रडायला दोन पोरं झाली असती, आणि त्यातली एक चष्म्याची होती. ऋतुजानं फळीवरचा लवंगांचा डबा काढला, एक आक्कांना दिली, एक स्वतःच्या गालात धरली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "दाढ."

"दोघींची एकदम?"

त्या दिवसापासून संशय घ्यायची पाळी सन्मतीची आली. डोहाळजेवण झालंच नाही. झोपाळा मात्र डेकोरेशनवाल्यानं आगाऊ पैसे घेतल्यामुळे दिलाच, आणि त्यावर अन्वी फुलं सुकेपर्यंत झोके घेत बसली. सातवा सरला. आठवा लागला. ऋतुजा खालच्या खोलीत पडून असायची आणि पट्ट्याकडे नाही, आक्कांच्या गालाकडे बघायची. गाल फुगलेला असला तरी चालायचं, ते रोजचंच होतं. पण कडकन लवंग फुटल्याचा आवाज आला की तिचे कान उभे राहत. मग आक्का नजर चुकवून भिंतीकडे बघत, आणि ऋतुजा ठरल्याप्रमाणे काही विचारत नसे. कधी एकच लवंग दिवसभर पुरायची. कधी डबा रिकामा व्हायचा. तेवढं तिला पुरेसं होतं.

नववा लागला आणि एका सकाळी, अन्वीची वेणी घालता घालता, आक्का उठल्या. फणी तशीच पोरीच्या केसांत राहिली.

"चल," त्या म्हणाल्या.

कळा सुरू झाल्या त्या हॉस्पिटलात पोहोचल्यावर, दुपारी.

पुढचं ऋतुजाला तुकड्यातुकड्यानं आठवतं. दिवे. कुणाचा तरी खांद्यावर हात. मग एक रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. पण ते शेजारच्या खोलीतलं नसेल कशावरून? तिनं मान वळवली. हिरव्या कपड्यातली माणसं बाळाला घेऊन कोपऱ्यात गेली होती, त्यांच्या पाठी दिसत होत्या. डॉक्टर कित्तूरकर म्हणाल्या, "मुलगी आहे. छान आहे अगदी." डॉक्टरांनी यापूर्वीही तिला छानच सांगितलं होतं. नर्स म्हणाली, पेटीची गरज नाही. ही नर्स इंजेक्शनाला ताकदीचं म्हणाली होती. सन्मती आत आला, त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू असं मिसळलं होतं की तिथं पहिल्यांदाच काही वाचता येईना. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं पान होतं.

"आक्का," ऋतुजा म्हणाली. "आक्कांना बोलवा."

"येतील हो, आराम करा तुम्ही."

"आत्ता बोलवा."

बोलवायची गरज पडली नाही. दाराबाहेरून आवाज येत होता, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असा. आक्का बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "अगं, पोरगी! पावणेतीन किलोच्या घरात! नाक बघ अगदी आमच्या ह्यांच्यागत, नकटं न्हाई काय न्हाई... रडली म्हंजे काय, छप्पर उडालं! आणि ऐक, तुला एक सांगते, कुणाला सांगू नगंस, गेलं अडीच म्हयनं माझ्या जिवाची काय दशा झाली ती... थांब, त्या सिस्टरला पण सांगते..."

दार उघडलं. आक्का फोन कानाला लावूनच आत आल्या, तोंड उघडंच होतं. ऋतुजानं आधी डावा गाल बघितला, मग उजवा. दोन्ही रिकामे होते. लवंग नव्हती.

ऋतुजानं नमुना पास केला, आणि मग पोट भरून रडून घेतलं.